काठ नसलेले कण



ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी कित्येक पिढ्यांना भौतिक रसायनशास्त्र शिकवलं. कुणी प्रयोगवहीत आकडा लिहून आणला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "हा मोजलास कशानं?" आज मी ज्या कणांविषयी बोलणार आहे, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. म्हणून या व्याख्यानमालेसाठी मी हा विषय निवडला.

मायक्रोजेल म्हणजे पॉलिमरच्या साखळ्यांचं एक चिमुकलं जाळं. साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींना रासायनिक बंधांनी बांधलेल्या असतात. त्यामुळे हे जाळं पाण्यात टाकलं तर विरघळून जात नाही, पाणी पोटात घेऊन फुगतं. फुगलेल्या कणात नव्वद टक्के किंवा त्याहूनही जास्त पाणीच असू शकतं. आकार साधारण 50 नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंत. उद्योगात आणि वैद्यकात याच जातीचे त्याहून कितीतरी मोठे मणीही वापरतात. आपल्या रोजच्या दुधात केसिन या प्रथिनाचे जे पुंज तरंगत असतात, तेही याच कुळातले आहेत. त्यांचा व्यास सरासरी 150 ते 200 नॅनोमीटरच्या घरात असतो, प्रथिनाच्या कितीतरी पट वजनाचं पाणी त्यांनी धरून ठेवलेलं असतं आणि कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म पुंजके त्यांना आतून बांधून ठेवतात. विरजण लावल्यावर आम्लता वाढते, या पुंजांच्या पृष्ठभागावरची लव आडवी पडते, पुंज एकमेकांना चिकटतात आणि दही लागतं.

माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं आहे. वाळूच्या कणाला काठ असतो. काठापर्यंत वाळू आणि पलीकडे पाणी. मायक्रोजेलला तसा काठ नाही. मध्यभागी जाळं दाट, बाहेर जावं तसं विरळ, आणि शेवटी एकेकट्या साखळ्यांची टोकं पाण्यात मोकळी हलत असतात. असा कण केवढा, या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. तुम्ही कोणत्या साधनानं विचारता त्यावर उत्तर ठरतं. हा कण बनवणं, तो ओळखणं आणि तो वापरणं, या तिन्ही गोष्टी या काठाच्या प्रश्नाशी बांधलेल्या आहेत.

हे कण आधी कुणाला हवे होते म्हणून बनले नाहीत. हेरमान श्टाउडिंगर यांनी पॉलिमर म्हणजे खरोखरच लांबलचक रेणू असतात, हे रसायनशास्त्रज्ञांच्या गळी उतरवण्यासाठी आयुष्य वेचलं. त्यासाठी त्यांना 1953 चं नोबेल मिळालं. त्यांनी आणि हुसेमान यांनी 1935 मध्ये डायव्हिनिलबेंझिन वापरून अत्यंत बारीक, मर्यादित फुगणारे कण तयार झाल्याची नोंद केली. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला कृत्रिम रबर मोठ्या प्रमाणावर बनवावं लागलं. त्या रबराचा काही भाग द्रावकात नीट विरघळत नसे. बेल लॅबोरेटरीजमधल्या विल्यम बेकर यांनी 1949 च्या निबंधात सांगितलं की रबराच्या चिकातला एकेक थेंब आतून बांधला जाऊन स्वतःच एक अवाढव्य रेणू बनलेला आहे. 'मायक्रोजेल' हा शब्द त्या निबंधाच्या शीर्षकातच आहे, आणि बेकर यांनी त्याला नवा महारेणू म्हटलं आहे. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. कण म्हणावं तर तो एकच रेणू, रेणू म्हणावं तर प्रकाशात दिसून येण्याइतका मोठा कण.

आजच्या संशोधनाचा खरा पाया मात्र 1986 मध्ये घातला गेला. रॉबर्ट पेल्टन आणि शिबांते यांनी एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलअमाइड या मोनोमरपासून पाण्यात जवळपास एकसारख्या आकाराचे मायक्रोजेल कण बनवले. मोनोमरचं नाव जिभेला जड आहे. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'निपॅम' म्हणतात आणि त्याच्या पॉलिमरला 'पीनिपॅम'. मीही तेच म्हणतो. या पॉलिमरचा एक गुण हेस्किन्स आणि गिलेट यांनी 1968 मध्येच वर्णन केला होता. पीनिपॅम गार पाण्यात विरघळतं आणि सुमारे 32 अंश सेल्सिअसच्या वर पाण्याबाहेर पडतं. साखर, मीठ यांच्या अनुभवाच्या हे उलट आहे. साखळीवरच्या आयसोप्रोपिल गटांना पाणी आवडत नाही. गारव्यात पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती शिस्तीत रचून राहतात आणि साखळीला सांभाळून घेतात. तापमान वाढलं की ही शिस्त पाण्याला परवडत नाही. रेणू मोकळे होतात आणि साखळीचे गट एकमेकांना बिलगतात. याच साखळ्यांचं जाळं केलं, तर ते 32 अंशांच्या खाली फुगलेलं आणि वर आकसलेलं राहणार. शरीराचं तापमान 37 अंश आहे, हे लक्षात घेतलंत तर वैद्यकानं या पॉलिमरकडे इतकं लक्ष का दिलं ते समजेल.

आता कृती पाहू. तीन तोंडांचा काचेचा चंबू घ्यायचा. त्यात 100 मिलीलिटर शुद्ध पाणी, एक-दीड ग्रॅम निपॅम आणि त्याच्या काही टक्के क्रॉसलिंकर, म्हणजे साखळ्या एकमेकींना बांधणारा मेथिलीनबिसअ‍ॅक्रिलअमाइड. चंबू 70 अंशांना धरायचा, ढवळत ठेवायचा आणि अर्धा तास नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन घालवून द्यायचा, कारण ऑक्सिजन ही अभिक्रिया अडवतो. मग थोड्या पाण्यात विरघळवलेलं पोटॅशियम परसल्फेट ओतायचं. काही मिनिटांत नितळ द्रावणावर निळसर झाक येते, पाहता पाहता ते पांढरं होतं. चार-सहा तासांनी आच बंद करून चंबू निवू द्यायचा. 32 अंशांच्या खाली येताच पांढरेपणा ओसरतो आणि अर्धपारदर्शक, निळसर द्रव राहतो. त्या चंबूत तेव्हा अब्जावधी कण असतात आणि चांगल्या कृतीत त्यांच्या आकारांतला फरक काही टक्क्यांपलीकडे जात नाही.

एवढी समानता कशी येते? 70 अंशांना साखळी जन्मते तीच पाण्याला नकोशी. ती ठरावीक लांबीची झाली की गोळा होते. असे गोळे एकत्र येऊन बीजकण बनतात. परसल्फेटमुळे प्रत्येक साखळीच्या टोकाला सल्फेटचा ऋणभार असतो. बीजकण मोठा होतो तसा त्याच्यावरचा भार वाढतो आणि तो दुसऱ्या कणांना दूर ठेवू लागतो. ही बीजधारणा पहिल्या थोड्या वेळातच उरकते. पुढे नवे कण बनत नाहीत, आहेत तेच वाढतात. सगळे एकाच वेळी जन्मले, एकाच अन्नावर वाढले, म्हणून सारखे. सोडियम डोडेसिल सल्फेटसारखा सर्फॅक्टंट सुरुवातीलाच घातला तर बीजकणांना लवकर संरक्षण मिळतं, त्यांची संख्या वाढते आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी मोनोमर येतो. सर्फॅक्टंट कमी-जास्त करून कण पाऊण मायक्रोमीटरपासून शंभर नॅनोमीटरपर्यंत हवा तेवढा करता येतो.

काठाचा प्रश्न याच चंबूत जन्माला येतो. क्रॉसलिंकर निपॅमपेक्षा भराभर संपतो. सुरुवातीला बनलेल्या गाभ्यात गाठी पुष्कळ पडतात, शेवटी शेवटी वाढलेल्या बाहेरच्या थरात फार थोड्या. कुणी तसं ठरवलेलं नसतं. दोन रेणूंच्या वेगांतल्या फरकानं ते ठरतं. कण वाढत असताना, 70 अंशांना, हा फरक लपलेला असतो, कारण सगळं जाळं आकसलेलं असतं. चंबू निवला की गाभा थोडा फुगतो, बाहेरचा थर मात्र मोकाट फुलतो.

कृतीचा शेवटचा टप्पा शुद्धीकरणाचा, आणि त्याविषयी मी आग्रहानं बोलणार आहे. द्रवात अजून न जोडलेला मोनोमर असतो, सर्फॅक्टंट असतो, आणि कुठल्याच कणात न गुंतलेल्या सुट्या साखळ्या असतात. अ‍ॅक्रिलअमाइडच्या घराण्यातले मोनोमर मज्जासंस्थेला घातक असू शकतात. सुट्या साखळ्या तर मोजमापच बिघडवतात: द्रव दाट वाटतो आणि त्याचं श्रेय कणांना जातं. म्हणून डायलिसिसच्या पिशवीत घालून दिवसेंदिवस पाणी बदलत राहायचं, किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये कण खाली बसवून, वरचं पाणी टाकून, पुन्हा नव्या पाण्यात सोडायचे, आणि हे परत परत करायचं. निबंधात याला एक ओळ मिळते, प्रयोगशाळेत आठवडा लागतो. ज्या विद्यार्थ्यानं हा आठवडा मनापासून दिला, त्याच्या पुढच्या सगळ्या आकड्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन.

मायक्रोजेल बनवण्याच्या इतर वाटाही आहेत. पाण्याचे थेंब तेलात पसरवून त्या थेंबांच्या आत जाळं विणता येतं. केसाएवढ्या बारीक नलिकांतून एकेक थेंब मोजून काढता येतो. त्यात कण मोठे, पण अत्यंत काटेकोर मिळतात. समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेटचे थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये पडले की तिथल्या तिथे जेल होतात. जिवंत पेशी कणात ठेवायच्या असतील तर ही सौम्य वाट बरी.

आता सरांचा प्रश्न: मोजलास कशानं?

पहिलं साधन लेझरचं. पाण्यातला कण स्वस्थ नसतो. 25 अंशांना, 200 नॅनोमीटर व्यासाचा कण पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी एका सेकंदात एका दिशेनं साधारण दोन मायक्रोमीटर, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या दहापट भरकटतो. लहान कण जलद भरकटतो, मोठा सावकाश. कणांनी विखुरलेला प्रकाश त्यामुळे सतत लुकलुकतो आणि लुकलुकण्याच्या वेगावरून भरकटण्याचा वेग कळतो. आइन्स्टाइन यांच्या 1905 च्या सूत्रात तो घातला की त्रिज्या निघते. हे उपकरण आज अनेक विद्यापीठांत आहे आणि दोन मिनिटांत आकडा देतं. पण हा आकडा कशाचा? याच वेगानं भरकटला असता अशा एका कल्पित कडक गोलाचा. बाहेर लोंबणाऱ्या विरळ साखळ्या आपल्याबरोबर पाणी ओढत नेतात, म्हणून त्याही या आकड्यात धरल्या जातात.

दुसरं साधन न्यूट्रॉनचं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी काहीशे नॅनोमीटर. तो कणाच्या आत डोकावू शकत नाही. या कामासाठी वापरतात त्या मंद न्यूट्रॉनची तरंगलांबी अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास असते. शिवाय साधा हायड्रोजन आणि जड हायड्रोजन न्यूट्रॉनला वेगवेगळे दिसतात, म्हणून जड पाण्यात कण सोडला की पॉलिमर उठून दिसतं. 2004 मध्ये श्टीगर, रिष्टरिंग आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीनं पीनिपॅमच्या कणाची आतली घडण आखून दाखवली: मध्ये सम घनतेचा गाभा, भोवती हळूहळू विरत जाणारा थर. तापवला की हा थर आत ओढला जातो आणि कण स्वच्छ काठाचा गोल होतो. निवला की काठ पुन्हा पुसट. न्यूट्रॉनला दिसणारा आकार लेझरच्या आकारापेक्षा लहान येतो, कारण अगदी बाहेरच्या एकेकट्या साखळ्या इतक्या विरळ असतात की न्यूट्रॉन त्यांची दखल घेत नाही. आपल्याकडे तुर्भे इथल्या ध्रुव अणुभट्टीवर अशा मोजमापाची सोय आहे. 100 मेगावॉटची ही भट्टी 1985 मध्ये सुरू झाली. मुंबईच्या वेशीवर अशी सोय असणं ही मोठी गोष्ट आहे, आणि आपल्या महाविद्यालयांतल्या फार थोड्या शिक्षकांना ती ठाऊक आहे.

तिसरं साधन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. त्याचं चित्र सर्वांना खरं वाटतं, कारण ते डोळ्यांना दिसतं. पण नेहमीच्या पद्धतीत कण आधी वाळवावा लागतो. मऊ कण पृष्ठभागावर पसरतो, चपटा होतो, पाणी गेलं की मध्ये उंचवटा आणि भोवती पातळ झालर उरते. ते चित्र वाळलेल्या कणाचं असतं. पाण्यातल्या कणाविषयी बोलायचं तर नमुना झटक्यात गोठवून पाहावा लागतो.

एखाद्या वाढत्या शहराची हद्द महापालिकेला विचारा, टपाल खात्याला विचारा, रिक्षावाल्याला विचारा. तिन्ही उत्तरं वेगळी येतील आणि तिन्ही खरी असतील. मायक्रोजेलचं तसंच आहे. तीन साधनांनी तीन आकार दिले म्हणून साधनं बिघडली असं नाही. त्या तीन आकड्यांमधल्या अंतरातच कणाची घडण लिहिलेली असते. लेझरची त्रिज्या आणि न्यूट्रॉनची त्रिज्या यांतला फरक म्हणजे अगदी बाहेरच्या विरळ साखळ्यांच्या झालरीची जाडी. एकच आकडा छापून मोकळे होणारे निबंध वाचतो तेव्हा मला हळहळ वाटते. हाताशी आलेलं ज्ञान तिथे टाकून दिलेलं असतं.

या कणांना लहान ठेवण्याचा अट्टहास कशासाठी, असाही प्रश्न येईल. जेलचा मोठा ठोकळा का नको? याचं उत्तर एमआयटीतल्या तोयोइची तानाका यांनी दिलं. जेल फुगायला किंवा आकसायला लागणारा वेळ त्याच्या त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असतो, असं तानाका आणि फिलमोर यांनी 1979 मध्ये दाखवलं. हिशोब सोपा आहे. जाळं पाण्यातून सरकण्याचा नेहमीचा गुणांक घेतला, तर एक सेंटीमीटर त्रिज्येच्या गोळ्याला महिन्याभराच्या हिशोबानं वेळ लागतो, एक मिलीमीटरच्या गोळ्याला काही तास. शंभर नॅनोमीटरच्या कणाला सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लागत नाही. तापमान, आम्लता, क्षार यांना तत्काळ प्रतिसाद हवा असेल तर लहान आकाराला पर्याय नाही.

आतापर्यंत मी एकट्या कणाविषयी बोललो. कण दाटीवाटीनं भरले की आणखी नवल घडतं. कडक गोल एका भांड्यात कसेही ओतले तर 64 टक्के जागा भरते, अगदी शिस्तीत रचले तर 74 टक्के. त्यापुढे एकही कण घालता येत नाही. मऊ कण त्यापुढेही घालता येतात. शेजाऱ्याची झालर आपल्या झालरीत शिरते, मग गोल चपटे होतात, मग पाणी बाहेर पडून आकसतात. या तिन्ही पायऱ्या आता वेगळ्या करून पाहता येतात. फ्रिबूर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये अतिसूक्ष्म प्रकाशचित्रणानं ते दाखवलं. आपल्याकडे कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात बी. व्ही. आर. टाटा आणि सहकाऱ्यांनी पीनिपॅमच्या दाट नमुन्यांवर बरंच काम केलं आहे. अशा नमुन्यात कण रांगा धरून स्फटिक बनवतात, दोन रांगांमधलं अंतर दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीएवढं असतं आणि कुपीत लाल, हिरवे, निळे रंग उमटतात. कुपी तळहातात धरून ऊब दिली की रंग मावळतो, निवली की परत येतो.

अशा स्फटिकात चुकून एखादा मोठा कण शिरला तर? कडक गोलांच्या स्फटिकात तो दोष ठरतो. अँड्र्यू लायन यांच्या गटानं 2009 मध्ये दाखवलं की मोठा मायक्रोजेल स्वतःच आकसून शेजाऱ्यांच्या मापात बसतो. त्याचं कारण 2016 मध्ये पुढे आलं. कणांभोवती सैल धरलेले विद्युतभारित आयन असतात. कण दाटले की हे आयनांचे ढग एकमेकांत मिसळतात, बाहेरचा परासरण दाब वाढतो, आणि तो सर्वांत मऊ, म्हणजे मोठ्या कणातलं पाणी आधी पिळून काढतो. पृष्ठभागावरचे सल्फेट गट, जे चंबूतल्या परसल्फेटमधून आले, तेच इथे निर्णायक ठरतात. बनवण्याची कृती आणि कणाचं वागणं यांच्यातला हा धागा मला फार सुंदर वाटतो.

उपयोगांकडे वळतो. आपल्यापैकी प्रत्येकानं सॅनिटायझरच्या जेलमधून मायक्रोजेल तळहातावर चोळलेले आहेत. कार्बोमर हे बांधलेल्या पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचे कण. गेल्या शतकाच्या मध्यापासून ते बाजारात आहेत. पाण्यात भिजवले की त्यांचा आम्लधर्मी, गढूळ, पातळ द्रव होतो. त्यात थोडा अल्कली, बहुधा ट्रायइथॅनॉलअमाइन, घातला की आम्लगट हायड्रोजन सोडून ऋणभारित होतात, भार एकमेकांना ढकलतात, आयनांच्या ओढीनं पाणी आत शिरतं आणि कण शेकडो पटींनी फुगतात. अर्धा टक्का कार्बोमर सबंध बाटली व्यापतं. कण एकमेकांना इतके भिडतात की बाटली उलटी केली तरी जेल ढळत नाही आणि आत अडकलेला हवेचा बुडबुडा तिथेच राहतो. बोटानं दाबलं की मात्र ते वाहतं. तळहातावर पसरताच आणखी एक गोष्ट घडते: घामातलं मीठ आयनांचा समतोल मोडतं, कण आकसतात आणि जेलचं पाणी होतं. 2020 मध्ये सॅनिटायझरची गरज एकदम वाढली. अल्कोहोल आपल्या साखर कारखान्यांच्या आसवनींनी पुरवलं. त्याला जेलचं रूप देणारं कार्बोमर जगभर कमी पडलं. अर्ध्या टक्क्याच्या घटकावर अख्खी बाटली अडली.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सेफाडेक्स हे नाव ठाऊक असेल. उप्सालाच्या पोराथ आणि फ्लोडिन यांनी 1959 मध्ये बांधलेल्या डेक्सट्रानच्या मण्यांतून प्रथिनं आकारानुसार वेगळी केली. लहान रेणू मण्याच्या आत शिरून रेंगाळतो, मोठा बाहेरून निघून जातो. प्रथिनांपासून बनणाऱ्या आजच्या अनेक औषधांचं शुद्धीकरण अशाच कुळातल्या मण्यांवर होतं.

वैद्यकातलं एक उदाहरण सविस्तर सांगतो. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींसाठी शस्त्रक्रियेऐवजी एक उपचार करतात. बारीक कॅथेटर रक्तवाहिनीतून गाठीपर्यंत नेतात आणि जेलचे मणी सोडून गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात. पूर्वी यासाठी वेडेवाकडे, कडक तुकडे वापरत. ते गोळा होऊन कॅथेटर तुंबवत किंवा नको तिथे वाहिनी बंद करत. ट्रायसॅक्रिल-जिलेटिनचे गोल मणी आले तेव्हा काम नेमकं झालं. मणी मऊ असल्यानं नळीतून दबून जातो, पुढे पुन्हा गोल होतो आणि आपल्या मापाच्या वाहिनीत बसतो. बाटलीवर 500 ते 700 मायक्रोमीटर लिहिलेलं असतं. पण रक्ताच्या दाबाखाली मणी थोडा लांबट होतो आणि छापलेल्या मापापेक्षा बारीक वाहिनीपर्यंत पोचू शकतो. डॉक्टरला मण्याचा व्यास आणि मऊपणा दोन्ही ठाऊक असावे लागतात. यकृताच्या कर्करोगात याच मार्गानं पॉलिव्हिनिल अल्कोहोलचे सल्फोनेट गट असलेले मणी देतात. ते डॉक्सोरुबिसिन हे औषध आयनबंधानं धरून ठेवतात आणि गाठीतच हळूहळू सोडतात.

आणखी पुढचं काम रक्तस्राव थांबवण्याचं. जखम झाली की फायब्रिनच्या तंतूंचं जाळं तयार होतं. रक्तातल्या प्लेटलेट्स त्या जाळ्याला धरतात, पसरतात आणि तंतू ओढून गुठळी घट्ट करतात. अ‍ॅश्ली ब्राउन, टॉमस बार्कर आणि लायन यांनी 2014 मध्ये क्रॉसलिंकर न घालताच अतिमऊ मायक्रोजेल बनवले. साखळ्या अभिक्रियेच्या ओघात आपापसांत जेमतेम बांधल्या जातात, तेवढ्यावरच कण टिकतो. त्यावर फक्त फायब्रिनला ओळखणारा प्रतिपिंडाचा तुकडा जोडला. हे कण फायब्रिनच्या तंतूंवर पसरले आणि काही काळानं त्यांनी सबंध जाळं आकसवलं. प्राण्यांवरच्या प्रयोगात रक्तस्राव कमी झाला. या कणात स्नायू नाही, ऊर्जा खर्च करणारं यंत्र नाही. मऊपणा पुरेसा असला की प्लेटलेटचं एवढं काम जमतं, हे कुणाला आधी वाटलं नव्हतं.

शेतीविषयी मी आवर्जून बोलतो, कारण आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांत हा विषय वारंवार निघतो. पाणी धरून ठेवणारे जेल मातीत मिसळण्याची कल्पना जुनी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं 1980 च्या दशकात 'जलशक्ती' हे स्टार्चवर आधारित द्रव्य विकसित केलं, पुढे दिल्लीच्या पुसा संस्थेचं हायड्रोजेल आलं. पाकिटावर लिहिलेला फुगण्याचा आकडा शुद्ध पाण्यातला असतो. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतात; ते आम्लगटांना जखडतात आणि फुगणं कितीतरी पटींनी घटतं. शेतकऱ्यानं त्याच्याच विहिरीच्या पाण्यात चमचाभर जेल भिजवून पाहावं आणि मग पैसे खर्च करावेत, असं मी प्रत्येक वेळी सांगतो.

आणखी एक काळजी मला सतत वाटते. निपॅमचं किंवा अ‍ॅक्रिलिक आम्लाचं जाळं सूक्ष्मजंतूंना सहजासहजी पचत नाही. युरोपीय संघानं 2023 मध्ये उत्पादनांत मुद्दाम घातल्या जाणाऱ्या कृत्रिम पॉलिमरच्या सूक्ष्मकणांवर निर्बंध आणले. पाण्यात फुगून पारदर्शक झालेला कण डोळ्यांना दिसत नाही, गाळणीत दबून पलीकडे जातो, आणि सांडपाण्यात तो शोधणं प्लॅस्टिकच्या तुकड्यापेक्षा अवघड आहे. म्हणून सेल्युलोज, अल्जिनेट, प्रथिनं यांपासून बनणाऱ्या आणि ठरावीक काळानं गाठी सुटणाऱ्या जाळ्यांवर आपल्या तरुणांनी काम करावं असं मला मनापासून वाटतं. तिथेही प्रश्न तोच येणार: गाठी किती सुटल्या, हे मोजणार कशानं?

गाठी सुटल्या की कण अधिक फुगतो, आणि फुगणं मोजायला महागड्या उपकरणांची वाट पाहायची गरज नाही. आपल्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात ओस्टवाल्डचा व्हिस्कोमीटर आहे. विरळ द्रवात कणांनी व्यापलेला भाग जितका, त्याच्या अडीच पट चिकटपणा वाढतो, हा आइन्स्टाइन यांचा नियम. गंमत अशी की त्यांच्या मूळ गणितात अडीचच्या जागी एक आला होता; पेराँ यांच्या प्रयोगशाळेत बान्सलँ यांनी गॅम्बोजचे कण घेऊन मोजमाप केलं, ते जुळेना, आणि 1911 मध्ये आइन्स्टाइन यांनी दुरुस्ती छापली. आता हा नियम आपल्या कणांना लावा. पॉलिमर आकारमानानं 0.2 टक्का. कण कडक आणि कोरडा असता तर चिकटपणा अर्धा टक्का वाढला असता. प्रत्यक्षात व्हिस्कोमीटरच्या नळीतून वाहायला पाण्याला 100 सेकंद लागत असतील आणि या द्रवाला 105, तर कणांनी दोन टक्के जागा व्यापली आहे. म्हणजे कण दहापट फुगलेला आहे आणि त्यात नव्वद टक्के पाणी आहे. हाच व्हिस्कोमीटर 40 अंशांच्या पाण्यात ठेवून पुन्हा वेळ घ्या, पण तुलनेला 40 अंशांचंच साधं पाणी घ्या. दोन तापमानांच्या उत्तरांवरून कण किती आकसला ते स्टॉपवॉचवर निघतं.

एखाद्या विद्यापीठ विभागानं एक टक्क्याचा लिटरभर नीट शुद्ध केलेला नमुना तयार केला, तर तो पाचपट विरळ करून पाच लिटर होतो, आणि एका वेळी 20 मिलीलिटर धरले तर अडीचशे विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक होतं. पदवीच्या तिसऱ्या वर्षात हा प्रयोग यावा, अशी सूचना मी अभ्यास मंडळाकडे लेखी देणार आहे. इथे बसलेल्या प्राध्यापकांपैकी ज्यांना हा प्रयोग येत्या सत्रात करून पाहायचा असेल, त्यांनी व्याख्यानानंतर मला भेटावं. कृती, काळजीच्या सूचना आणि हिशोबाचा तक्ता मी सोबत आणला आहे.